बदामी, ऐहोळे, पट्टदकल: सवडीने पाहावे असे मंदिरांचे खोरे

पुण्या-मुंबईकडून हंपीला निघालेले बरेच प्रवासी वाटेत एक दिवस बदामीसाठी काढतात. सकाळी लेणी, दुपारच्या उन्हात पट्टदकल, वेळ उरलाच तर ऐहोळे आणि अंधार पडता पडता होस्पेटची वाट, असा त्यांचा बेत असतो. मलप्रभा नदीच्या या खोऱ्यातून अशा घाईने गेलेल्या माणसाच्या हाती छायाचित्रांपलीकडे फारसे काही लागत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. प्रवासाचे ठिकाण म्हणून या तीन गावांचे आणि त्यांच्या शेजारच्या महाकूट व बनशंकरी या देवस्थानांचे मूल्यमापन करताना मी मूर्तींच्या सौंदर्याइतकेच दुसऱ्या एका गोष्टीला महत्त्व दिले आहे. इथे काय कोणत्या क्रमाने पाहिले, यावर ते किती समजले हे अवलंबून असते.

त्याचे कारण या खोऱ्याच्या स्वभावातच आहे. सहाव्या ते आठव्या शतकात चालुक्यांच्या आश्रयाने इथे जे बांधले आणि कोरले गेले, त्यात देवळाचा आकार कसा असावा याचा शोध चाललेला दिसतो. आधी डोंगर कोरून केलेली लेणी, मग सपाट किंवा उतरत्या छपराचे मंडप, मग गर्भगृहावर कुठे उत्तरेकडचे वक्ररेषेचे शिखर तर कुठे दक्षिणेकडचे मजल्यामजल्यांनी चढत जाणारे विमान, हे सगळे प्रयोग जेमतेम पस्तीस किलोमीटरच्या अंतरात एकमेकांच्या शेजारी उभे आहेत. खजुराहो किंवा कोणार्क येथे आपल्याला परिपूर्ण झालेली शैली दिसते; इथे शैली घडताना दिसते. पट्टदकलची भव्य देवळे आधी पाहून मग ऐहोळेला जाणाऱ्याला ऐहोळे ओबडधोबड वाटते आणि त्याची निराशा होते. म्हणून बदामीपासून सुरुवात करावी, मग ऐहोळे आणि शेवटी पट्टदकल पाहावे, अशी माझी शिफारस आहे. पट्टदकल बदामीपासून साधारण बावीस किलोमीटरवर आहे आणि ऐहोळे त्याच्याही पुढे तेरा-चौदा किलोमीटरवर, त्यामुळे या क्रमासाठी पट्टदकल ओलांडून पुढे जावे लागते. हा उलटा फेरा खर्चिक नाही आणि तो पूर्णपणे सार्थकी लागतो.

बदामी म्हणजे प्राचीन वातापी. चालुक्य राजा पहिल्या पुलकेशीने हा डोंगर तटबंदीने बळकट केल्याची नोंद इथल्या कड्यावरच्या शिलालेखात आहे. त्याचा काळ शके ४६५, म्हणजे इ.स. ५४३. तांबड्या वालुकाश्माच्या दोन टेकड्यांच्या मधोमध अगस्त्य तीर्थ हा तलाव आहे. दक्षिणेकडच्या टेकडीत चार लेणी आहेत, उत्तरेकडच्या टेकडीवर किल्ला व शिवालये आहेत आणि पूर्वेच्या काठावर भूतनाथाची देवळे आहेत. बहुतेक पर्यटक लेणी पाहून परत फिरतात. लेणी उत्तमच आहेत. पहिल्या लेण्याबाहेरचा अठरा हातांचा नटराज पाहताना वाटाडे निरनिराळ्या हातांच्या जोड्या जुळवून नृत्याच्या एक्याऐंशी मुद्रा मोजून दाखवतात. ती गंमत ऐकावी, पण त्या शिल्पाची खरी करामत उंचावलेल्या एका पायाच्या आणि झुकलेल्या कमरेच्या तोलात आहे, तिथे नजर अधिक वेळ ठेवावी.

या चारांत तिसरे लेणे सर्वांत मोठे आणि माझ्या मते सर्वांत श्रेष्ठ आहे. शेषाच्या वेटोळ्यांवर बसलेला विष्णू, वराह, त्रिविक्रम, उभा नरसिंह आणि हरिहर अशा पुरुषभर उंचीहून मोठ्या मूर्ती एका ओसरीत एकत्र पाहायला मिळणे हाच मोठा योग आहे. खांबांच्या वरच्या तुळयांना आधार देणारी प्रेमिकांची युगुले मान वर करून पाहावी लागतात, म्हणून ती अनेकांच्या नजरेतून सुटतात. याच लेण्यात चालुक्य घराण्यातील मंगलेशाचा शिलालेख आहे. शके ५०० मधील, म्हणजे इ.स. ५७८ मधील कार्तिक पौर्णिमेची नोंद त्यात आहे. प्राचीन हिंदू लेण्यांच्या बाबतीत काळाविषयीचे बहुतेक बोलणे 'सुमारे' या शब्दाने सुरू होते. इथे थेट तिथीच हाती येते, आणि तिच्या आधारावर अभ्यासकांना आजूबाजूच्या बाकी कामांचा क्रम लावता आला. चौथे लेणे जैन आहे. ते आकाराने लहान असले तरी त्यातील बाहुबली आणि पार्श्वनाथ यांच्यासमोर थांबल्याशिवाय पुढे जाऊ नये.

लेण्यांपर्यंत पायऱ्या चढाव्या लागतात. चढ फार नाही, पण गुडघेदुखी असलेल्या ज्येष्ठांनी सकाळचीच वेळ निवडावी. माकडांचा उपद्रव खरा आहे. हातात खाण्याची पिशवी असेल तर ती हिसकावली जाईल असे गृहीत धरावे. उत्तरेकडच्या टेकडीच्या पायथ्याशी असलेले पुरातत्त्व संग्रहालय शुक्रवारी बंद असते, त्यामुळे दिवस ठरवताना ते ध्यानात ठेवावे. नागनाथकोळ्ळ येथून आणलेली लज्जागौरीची मूर्ती तिथे आहे. मस्तकाच्या जागी उमललेले कमळ असलेली ही देवी सहाव्या-सातव्या शतकातील माणसाने सृजनाकडे किती निःसंकोच श्रद्धेने पाहिले याचा पुरावा आहे. पाषाणाला मांसल मऊपणा कसा येतो, हेही या एका मूर्तीपाशी थांबून शिकता येते. संग्रहालयाच्या बाजूने वर गेल्यावर खडकांच्या अरुंद घळींतून शिवालयांकडे वाट जाते. त्यांपैकी मालेगित्ती शिवालय एका सुट्या खडकावर एकाकी उभे आहे. दक्षिणी पद्धतीचे विमान सुरुवातीच्या काळात किती आटोपशीर आणि घट्ट होते हे त्यातून कळते. संध्याकाळ मात्र भूतनाथासाठी राखून ठेवावी. ते देऊळ पश्चिमाभिमुख असल्यामुळे उतरते ऊन तलाव ओलांडून नेमके त्याच्यावर पडते.

ऐहोळे गावाविषयी तक्रारीचा सूर अनेकदा ऐकू येतो. देवळे गावभर विखुरलेली आहेत, काही घरांना लागून आहेत आणि कुठून सुरुवात करावी ते समजत नाही, असे लोक म्हणतात. ही तक्रार अगदीच चुकीची नाही. शंभराहून अधिक देवळांच्या या गावात एखाद्या नव्या माणसाला दिशा सापडेल अशी मांडणी नाही. फलकांवर राजवंश, शतक आणि शैली यांच्यापलीकडे फारसे काही नसते, आणि कोणते देऊळ कोणत्या देवळानंतरचे, एकातून दुसऱ्यात काय बदलले, हे कुठेच एकत्र सांगितलेले नाही. माझ्या दृष्टीने या संपूर्ण खोऱ्याच्या व्यवस्थेतील सर्वांत मोठी उणीव हीच आहे. दगड सांभाळले गेले आहेत, हिरवळ राखलेली आहे, आवार झाडलेले असते. परंतु दगडांची गोष्ट सांगण्याची सोय नाही. एका ठिकाणी घेतलेल्या वाटाड्याने दुर्ग मंदिर हे दुर्गादेवीचे असल्याचे ठासून सांगितले. वस्तुतः ते नाव देवीवरून आलेले नाही. या देवळाचा संबंध कधीकाळी गावाच्या तटबंदीशी, म्हणजे दुर्गाशी आला आणि त्यावरून हे नाव पडले. प्रवाशांनी जाण्यापूर्वी घरी थोडे वाचून जावे, असे मी आग्रहाने सुचवतो, कारण जागेवर मिळणारी माहिती निवडून घ्यावी लागते.

दुर्ग मंदिराची मागची बाजू अर्धगोलाकार आहे, बौद्ध चैत्यगृहासारखी, आणि तिच्याभोवती खांबांची ओसरी फिरते. कार्ले किंवा भाजे येथील चैत्यगृहे पाहिलेल्या मराठी माणसाला हा आकार लगेच ओळखीचा वाटेल. त्या ओसरीतून प्रदक्षिणा घालताना कोनाड्यांत नंदीसह शिव, नरसिंह, गरुडावरचा विष्णू, वराह, महिषासुरमर्दिनी आणि हरिहर एकामागून एक समोर येतात. खांबांमधून तिरपा येणारा उजेड दर काही पावलांवर बदलत जातो, आणि त्या बदलासकट ही प्रदक्षिणा घालावी यासाठीच हे देऊळ असे बांधले असावे, असे मला वाटले. जवळचे लाडखान मंदिर बाहेरून साधे दिसते. तिथे पुढे वस्ती करून राहिलेल्या माणसाचे नाव त्याला चिकटले आहे. त्याच्या छपरावरील दगडी पट्ट्या लाकडी बांधकामाची आठवण जपतात, त्या आवर्जून पाहाव्यात. गावापासून थोडे दूर असलेले रावणफडी हे लेणे चुकवू नये. सप्तमातृकांच्या सोबतीने नाचणारा तिथला शिव सडपातळ, उंच मुकुटाचा आणि बदामीच्या नटराजाहून पूर्ण वेगळ्या घडणीचा आहे.

टेकडीवरचे मेगुती हे जैन मंदिर पाहायला फार थोडे लोक चढतात. मराठी वाचकाने मात्र ती चढण टाळू नये. त्याच्या भिंतीवर रविकीर्ती या कवीने रचलेली दुसऱ्या पुलकेशीची प्रशस्ती कोरलेली आहे, शके ५५६, म्हणजे इ.स. ६३४-३५ मधील. रविकीर्तीने स्वतःची तुलना कालिदास आणि भारवी यांच्याशी केली आहे, त्यामुळे त्या दोघांचा काळ ठरवायला या लेखाचा आधार मिळाला. हर्षवर्धनाच्या पराभवाचा उल्लेखही याच लेखात आहे. शिवाय, नव्व्याण्णव हजार गावे असलेल्या तीन महाराष्ट्रकांचे अधिपत्य पुलकेशीने मिळवले, असे त्यात म्हटले आहे. आपल्या प्रदेशाचे नाव कोरलेला इतका जुना दगड कर्नाटकातील एका टेकडीवर, उघड्या वाऱ्यात उभा आहे, आणि त्याच्या शेजारी उभे राहून खालचे गाव व मलप्रभेचे वळण पाहता येते. माझ्यासाठी या साऱ्या प्रवासातील सर्वांत मोलाची जागा तीच ठरली.

यानंतर पट्टदकलला यावे, आणि शक्य असेल तर सकाळी दार उघडताच यावे. चालुक्य राजांच्या राज्याभिषेकाशी या जागेचा संबंध जोडला जातो. १९८७ साली तिला जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली. तीनही ठिकाणांत इथली देखभाल सर्वांत चांगली आहे: आवार मोकळे, वाटा नीट आखलेल्या, चालण्याला सोपे. चाकाच्या खुर्चीवरील किंवा काठी घेऊन चालणाऱ्या व्यक्तीलाही देवळांच्या जवळपर्यंत जाता येईल, आतल्या पायऱ्या मात्र उंच आहेत. इथे गळगनाथाचे वक्र शिखर आणि संगमेश्वराचे पायऱ्यापायऱ्यांचे विमान एकाच दृष्टिक्षेपात येतात. ऐहोळे पाहून आलेल्याला त्या वेळी जो आनंद होतो, तो थेट इथे उतरलेल्याला होत नाही, असे मी खात्रीने म्हणू शकतो. संगमेश्वर विजयादित्याने बांधवला. त्याचा मुलगा दुसरा विक्रमादित्य याने कांचीच्या पल्लवांवर मिळवलेल्या विजयाचे स्मारक म्हणून राणी लोकमहादेवीने विरूपाक्षाचे मंदिर उभारले आणि तिची धाकटी बहीण त्रैलोक्यमहादेवी हिने शेजारचे मल्लिकार्जुन. लोकमहादेवीचे नाव लेऊन विरूपाक्ष त्या काळी लोकेश्वर म्हणून ओळखला जात होता.

या विजयाची पार्श्वभूमी माहीत असेल तर विरूपाक्ष अधिक समजते. त्याच्या साधारण शंभर वर्षे आधी, इ.स. ६४२ मध्ये, पल्लव नरसिंहवर्म्याने वातापी जिंकून घेतली होती आणि 'वातापीकोंड' ही पदवी मिरवली होती. विक्रमादित्याने कांची घेतली तेव्हा त्याने तिथल्या कैलासनाथ मंदिराची संपत्ती लुटली नाही. ती देवाला परत केल्याचा त्याचा कन्नड लेख आजही त्या मंदिरात आहे. त्या कैलासनाथाची छाप विरूपाक्षावर दिसते. पुढे इ.स. ७५३ च्या सुमारास राष्ट्रकूटांनी चालुक्यांची सत्ता संपवली आणि वेरूळचे कैलास लेणे कोरले. त्या कैलासाच्या रचनेमागे विरूपाक्षाचा आदर्श आहे, असे अभ्यासक मानतात. नंदीमंडप, त्यापुढचे महाद्वार, तिन्ही बाजूंना पुढे आलेल्या ओसऱ्या, कैलास उचलणारा रावण: वेरूळ ज्यांनी मन लावून पाहिले आहे त्यांना इथे पावलापावलावर ओळख पटेल. वेरूळ डोंगर खोदून काढलेले आहे, हे मात्र दगडावर दगड रचून उभारलेले; तरीही दोन्हींच्या भिंतीवरची माणसे एकाच घराण्यातील वाटतात.

आणखी एका गोष्टीसाठी विरूपाक्षाचा मी विशेष गौरव करीन. बहुतेक प्राचीन मंदिरांत बांधवणारा राजा उरतो आणि बांधणारे हात विसरले जातात. इथे सूत्रधार, म्हणजे मुख्य स्थपती, गुंड अनिवारिताचारी याचे नाव शिलालेखात आहे आणि त्याला मिळालेली 'त्रिभुवनाचारी' ही पदवीसुद्धा आहे. सर्वसिद्धि आचारीचेही नाव कोरलेले आहे, आणि काही मूर्तींपाशी मूर्तिकारांच्या सह्या सापडतात. मंडपाच्या खांबांवर रामायण-महाभारतातील प्रसंग पट्ट्यापट्ट्यांनी कोरलेले आहेत. आत उजेड कमी असतो. लहान विजेरी जवळ ठेवली तर जटायूचा संघर्ष आणि शरपंजरी भीष्म नीट पाहता येतात. मल्लिकार्जुनाच्या खांबांवर कृष्णकथेबरोबर पंचतंत्रातील गोष्टीही आहेत. लहान मुले सोबत असतील तर त्यांना त्या शोधायला सांगावे. मोठ्यांपेक्षा ती लवकर शोधतात. मुख्य आवारापासून दक्षिणेला थोडे चालून गेल्यावर पापनाथ लागते. वर उत्तरेचे शिखर आणि अंगावर दक्षिणी मांडणी असे त्याचे संमिश्र रूप सर्वांना आवडेल असे नाही, मलाही ते पूर्ण जमलेले वाटत नाही, परंतु त्याच्या भिंतीवरच्या रामायणातील पात्रांखाली नावे कोरलेली आहेत, आणि तेवढ्यासाठी ते चालणे सार्थकी लागते. नदी इथून उत्तरेकडे वाहते. ती कोपली म्हणजे काय होते ते २०१९ च्या ऑगस्टमध्ये दिसले, तेव्हा पुराचे पाणी या आवारात शिरले होते.

विरूपाक्षात आजही पूजा चालते. गाभाऱ्यात तेवणारी समई, दारात काढून ठेवलेल्या चपला आणि शेजारच्या देवळांतील रिकामे अंधार यांत जो फरक आहे, तो भाविक नसलेल्या प्रवाशालाही जाणवेल. हा फरक पूर्णपणे अनुभवायचा असेल तर वाटेवरून थोडे आत वळून महाकूटला जावे. झाडांच्या दाट सावलीत, झऱ्याच्या पाण्याने भरलेल्या पुष्करिणीभोवती शिवालयांचा समूह आहे आणि त्यांतली मुख्य देवळे नांदती आहेत. लोक पुष्करिणीत स्नान करतात, ओल्या वस्त्रांनी दर्शन घेतात, मुले पाण्यात उड्या मारतात. चुन्याच्या थरांखाली कोरीवकाम काही ठिकाणी बुजले आहे, त्याचे वाईट वाटते. तरीही महाकूटेश्वरासमोर बसले असता मंदिर ही वास्तू कशासाठी असते, हे पट्टदकलच्या सुबक आवारापेक्षा अधिक स्पष्ट कळते. इथे पर्यटकाने पर्यटकासारखे वागू नये. स्नान करणाऱ्यांची छायाचित्रे काढू नयेत, गाभाऱ्यासमोर पाठ करून उभे राहू नये.

बनशंकरीचे वेगळे सांगायला नको. महाराष्ट्रातील अनेक घराण्यांची ती कुलदेवता आहे, आणि पौष पौर्णिमेच्या जत्रेला दूरदूरून माणसे येतात. सध्याचे देऊळ अठराव्या शतकातील असल्यामुळे शिल्पांच्या शोधात आलेल्याला तिथे फार मिळणार नाही, परंतु समोरचा हरिद्रातीर्थ हा भला मोठा तलाव आणि त्याच्या काठची दगडी ओवरी सुंदर आहे. जेवणाच्या बाबतीत मात्र साऱ्या प्रवासात बनशंकरीला पहिला क्रमांक द्यावा लागेल. देवळाबाहेर बायका टोपलीत ज्वारीच्या भाकऱ्या, भरल्या वांग्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी, मिरचीचा ठेचा आणि मडक्यातले घट्ट दही घेऊन बसतात आणि तिथेच पान मांडून वाढतात. बदामीतील खानावळीतही भाकरीचे जेवण चांगले आणि स्वस्त मिळते. पट्टदकल आणि ऐहोळे येथे जेवणाची फारशी सोय नाही, म्हणून पाणी आणि थोडा फराळ सोबत असावा.

राहण्यासाठी बदामीच सोयीची. साध्या लॉजपासून बऱ्यापैकी हॉटेलांपर्यंत पर्याय आहेत, मात्र बसस्थानकाच्या रस्त्यावरची खोली घेतल्यास पहाटेपासून भोंगे ऐकावे लागतात. सोलापूरहून विजयपूर-बागलकोटमार्गे रेल्वे येते. बदामीचे स्थानक गावापासून सुमारे पाच किलोमीटरवर आहे आणि तिथून रिक्षा मिळतात. पट्टदकलला बसने जाता येते, ऐहोळेची बस मात्र परतीची वेळ विचारूनच पकडावी, नाहीतर संध्याकाळी अडकून पडण्याची शक्यता असते. चार जण असतील तर दिवसभरासाठी गाडी ठरवणे सर्वांत चांगले, फक्त थांबे आणि वेळ आधी स्पष्ट बोलून घ्यावी, कारण अनेक चालक ऐहोळेत दुर्ग मंदिरापाशीच गाडी थांबवून तासाभरात परतण्याची घाई करतात. वाटेत गुळेदगुड्ड लागत असेल तर थांबावे. आपल्याकडे चोळीसाठी वापरला जाणारा खण तिथल्या मागांवर विणला जातो आणि विणकरांच्या घरी तो पाहता येतो.

मार्च ते मे या काळात इथे जाण्याचा सल्ला मी कोणालाही देणार नाही. वालुकाश्म तापतो, विरूपाक्षाच्या दारात पादत्राणे काढल्यावर पाय भाजतात आणि दुपारच्या प्रखर उन्हात मूर्तींचे बारकावे सपाट दिसतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. बदामीत किमान दोन मुक्काम, तिसरा जमल्यास अधिक चांगले: एक दिवस बदामीच्या दोन्ही टेकड्यांना, एक दिवस ऐहोळे आणि मेगुतीला, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी पट्टदकल, दुपारी महाकूट, परतताना बनशंकरी. सोबत दहा वर्षांखालील मुले किंवा फार वृद्ध माणसे असतील तर मेगुती आणि बदामीचा उत्तर किल्ला वगळावा. बाकी सर्व काही त्यांनाही निवांतपणे पाहता येईल.